नुसतं बोलून धडधड थांबते का?

घाबरणं, धडधड, ‘पॅनिक’ म्हणजे अचानक येणारा भीतीचा झटका, या विषयावरची पत्रं इतकी साठली आहेत की या वेळचं सदर पूर्णपणे त्यांनाच दिलं आहे. पत्रं थोडी कापली आहेत, नावं गाळली आहेत. ‘अमुक गोळी किती घेऊ?’ असं विचारणाऱ्यांना इथे उत्तर मिळणार नाही. मी मानसशास्त्रज्ञ आहे, गोळ्या लिहिणारी डॉक्टर नव्हे.

प्रश्न : माझं वय ३६. पतसंस्थेत वसुलीचं काम करतो. गेल्या वर्षी दिवाळीनंतर एसटीने कराडला जाताना अचानक छातीत धडधड सुरू झाली. हातांना मुंग्या, घशाला कोरड, आता आपण जाणार असंच वाटलं. कंडक्टरने गाडी थांबवली. दवाखान्यात ईसीजी नॉर्मल आला. पुढे टूडी इको, ट्रेडमिल, थायरॉईड, सगळं नॉर्मल. तरी झटके येतातच. डॉक्टर म्हणतात, ‘मनाचं आहे, टेन्शन घेऊ नका.’ आता खिशात सॉर्बिट्रेट, पिशवीत पाण्याची बाटली आणि सोबत बायको असल्याशिवाय मी गावाबाहेर पडत नाही. फिरणं बंद झालं म्हणून साहेबांनी टेबलावर बसवलंय. मेहुणा म्हणतो, थेरपी घे. पण त्रास होतोय शरीराला, तो नुसतं बोलून कसा थांबेल? आणि विट्यात थेरपी देणार कोण?
— एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : नुसतं बोलून थांबत नाही, हे तुमचं बरोबर आहे. चांगल्या उपचारात बोलणं असतं, पण खरं काम बोलण्याबाहेर होतं. ते काय, हे सांगायला थोडी जागा घेते, कारण तुमच्यासारखी पत्रं सगळ्यात जास्त आहेत.

हृदयाच्या तपासण्या झाल्या हे उत्तम. आता त्याच त्याच पुन्हा करू नका. ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला मात्र निकामी. टेन्शन कोणी हौसेने घेत नाही.

धोका जाणवला की शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढतं, हृदय जोरात चालतं, श्वास भरभर होतो. भरभर श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळेच बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटते. अंगावर कुत्रा धावून आला तरी हे सगळं होतं, पण तेव्हा कोणी ईसीजी काढायला जात नाही. कुत्रा समोर दिसत असतो. एसटीत कुत्रा नव्हता, म्हणून मनाने कारण छातीतच शोधलं : हार्ट अटॅक! त्या विचाराने भीती वाढली, भीतीने धडधड वाढली, वाढलेल्या धडधडीने विचार पक्का केला. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली हे चक्र नीट मांडून दाखवलं आणि पॅनिकवरचे आजचे उपचार बरेचसे त्यावरच उभे आहेत.

असा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरू लागतो. बाटली असली तरी ओसरतो, नसली तरी ओसरतो. पण प्रत्येक वेळी तुमच्या हातात बाटली होती आणि शेजारी बायको होती, त्यामुळे मनाने हिशेब मांडला की या दोघांनी वाचवलं. बाटलीविना कधी पाहिलंच नाही, तर हिशेब चुकलाय हे कळणार कुठून? सॉर्बिट्रेटची गोष्ट आणखी गमतीची आहे. ती हृदयविकाराच्या छातीदुखीसाठी असते. तिने रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो, त्यामुळे डोकं ठणकू शकतं, चक्कर येऊ शकते, वर धडधडही वाढू शकते. ज्याला घाबरता तेच तुम्ही खिशात घेऊन फिरताय. ती कोणी डॉक्टरने तुम्हाला तपासून दिली आहे, की शेजारच्या काकांचं बघून घेतली? दुसरं असेल तर तुमच्या डॉक्टरांना सांगा आणि ती बंद करा.

आता उपचार. याला सीबीटी म्हणतात, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणारी. पहिल्या एक-दोन भेटींत तुमच्याच शेवटच्या झटक्याचा मिनिटामिनिटाचा तपशील कागदावर उतरवतात : आधी काय जाणवलं, मनात काय आलं, मग काय केलं. त्यानंतर घाबरवणाऱ्या संवेदना मुद्दाम आणायच्या. माझ्याकडे एक फिरती खुर्ची आहे, तिच्यात मिनिटभर गरगर फिरवते. जागच्या जागी पळायला लावते. शीतपेयाच्या बारीक नळीतून श्वास घ्यायला सांगते. धडधडतं, गरगरतं, आणि काही होत नाही. दुसऱ्यांदा कमी भीती वाटते. नवीन माणसाला ही पोरकट सर्कस वाटते, पण या उपचाराचा कणा तोच आहे. मग बाहेरचं काम. तुमच्यासाठी मी असा बेत आखला असता : पहिल्यांदा बायकोसोबत कडेगावपर्यंत एसटी, बाटली घरी. मग ती मागच्या सीटवर. मग ती मागच्या गाडीने. मग एकटे कडेगाव, आणि शेवटी एकटे कराड, तेही गर्दीच्या वेळी, खिडकीची जागा न पकडता. मध्ये धडधड झाली तर उतरायचं नाही. उतरलात की जुना हिशेब पुन्हा पक्का होतो.

हे चालतं का? इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शनात पॅनिकसाठी एकूण ७ ते १४ तासांचा सीबीटी सुचवला आहे. वर्षानुवर्षं कोचावर पडून बालपण उगाळायचं, असा हा प्रकार नव्हे. अमेरिकेत २००० साली ३१२ पॅनिक रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गोळी (इमिप्रामिन) आणि सीबीटी दोन्ही उपयोगी पडले. पण उपचार थांबवून सहा महिने झाल्यावर पाहिलं, तर सीबीटीवाल्यांची सुधारणा जास्त टिकली होती. आता दुसरी बाजूही ऐका. भीतीच्या आजारांवरचे सगळे अभ्यास एकत्र केले, तर सीबीटीने साधारण निम्म्या लोकांना ठळक फायदा होतो. काहींना थोडा होतो, काहींना होतच नाही. मधेच सोडून जाणारेही असतात. ‘शंभर टक्के गुण’ अशी पाटी कुठे दिसली तर त्या जिन्याने वर जाऊ नका.

राहिलं विटा. तिथे बसून आजच करता येईल ते म्हणजे १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केला, फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. मात्र पूर्ण थेरपी तिथे मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. पहिला आधार मिळेल आणि जवळ कुठे जायचं ते कळेल. दुसरं, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. राज्याच्या आरोग्य विभागाची जी रुग्णालयं आहेत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तिथे १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नाही, पण तिथलाही खर्च खासगीच्या मानाने किरकोळ असतो. गर्दी प्रचंड. डॉक्टर गोळ्या लिहून पाच मिनिटांत मोकळे होतील, म्हणून खिडकीवरच विचारा की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत का आणि कोणत्या वारी बसतात.

तिसरा मार्ग व्हिडिओ कॉलचा. तुमच्या बाबतीत मला तो सगळ्यात सोयीचा वाटतो. थेरपिस्ट पुण्यात किंवा कोल्हापुरात असला तरी तुमची परीक्षा विट्याच्या स्टँडवरच आहे. स्वीडनमध्ये इंटरनेटवरून, अधूनमधून थेरपिस्टच्या मार्गदर्शनाने सीबीटी देण्याचे बरेच प्रयोग झाले आणि ते समोरासमोरच्या उपचाराच्या तोडीचे ठरले. फक्त सोबत मार्गदर्शक माणूस हवा. एकट्याने अ‍ॅप उघडून बसणारे लवकर कंटाळतात.

प्रश्न : मुलगी २६ वर्षांची, पुण्यात एमपीएससी करते. मागच्या वर्षी मुख्य परीक्षा पास झाली आणि मुलाखतीला गेलीच नाही. आम्हाला सांगितलं ताप आला. नंतर कळलं की चार लोकांसमोर बोलायचं म्हटलं की तिचे हात कापतात, चेहरा लाल होतो. लहानपणापासून बुजरी होती, आम्ही स्वभाव समजलो. आता ती एका मॅडमकडे जाते. एका तासाचे १,५०० रुपये. सहा वेळा झालं. ‘बरं वाटतं’ म्हणते, पण नक्की काय चाललंय सांगत नाही. मी मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, मुलीच्या परवानगीशिवाय बोलणार नाही. विम्यातून हे पैसे मिळतात का? आणि पुढे लग्नाच्या वेळी हे कुठे नोंदलेलं निघणार नाही ना?
— एक आई, परभणी

उत्तर : ताई, मॅडमनी फोनवर बोलायला नकार दिला याबद्दल मी त्यांना पहिले गुण देते. मुलगी सज्ञान आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तिला दिला आहे. तुम्हाला जे ‘बोलणार नाही’ म्हटलं, तेच उद्या कोणी स्थळाकडचा विचारायला आला तर त्यालाही म्हणतील. लग्नाच्या वेळी उघडं पडेल अशी कुठलीही सरकारी यादी नसते. तिने कोणाला काय सांगायचं, हे तिचं ती ठरवेल. तुम्ही फक्त ‘ताप आला होता’ची री नातेवाइकांत ओढत बसू नका. त्याने तिला एवढंच कळतं की हे लपवण्यासारखं आहे.

पैशांचं बोलू. त्याच कायद्याने विमा कंपन्यांना बजावलं आहे की शारीरिक आजाराला जे संरक्षण, तेच मानसिक आजाराला द्या. पण आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावरच पैसे देतात आणि थेरपीसाठी कोणी भरती होत नाही. म्हणजे कायदा आहे, पण तुमच्या १,५०० रुपयांच्या तो बहुधा कामाला येणार नाही. पॉलिसीत ‘ओपीडी’ (भरती न होता घेतलेले उपचार) असा शब्द आहे का, तेवढं बघा. पुण्या-मुंबईत हजारापासून तीन हजारांपर्यंत दर चालतात, त्यामुळे मॅडम फार घेतात असं मी म्हणणार नाही.

सहा वेळांत काय झालं, हा प्रश्न मात्र योग्य आहे. फक्त तो मुलीने विचारायचा, तुम्ही नाही. तिने सरळ विचारावं : माझा त्रास नेमका कोणता, अंदाजे किती भेटी लागतील, मी घरी काय करायचं, आणि सुधारणा होतेय हे आपल्याला कशावरून कळणार? चांगला थेरपिस्ट या प्रश्नांना रागावत नाही. ‘बघू, मन मोकळं करत राहा’ एवढंच उत्तर आलं, तर १,५०० रुपयांत तिला एक चांगली मैत्रीण भेटली असं समजावं. मैत्रीण हवीच असते, पण तिने मुलाखत होत नाही.

तिच्या वर्णनावरून तो सामाजिक भीतीचा आजार वाटतो. पत्रावर निदान करत नाही, तरीही त्यावर काय करतात ते सांगते. अशा माणसाचं लक्ष बोलताना समोरच्याकडे नसतं, स्वतःकडे असतं : हात कापतोय का, आवाज बसला का, दिसतंय का त्यांना. आपण बाहेरून किती वाईट दिसतो, याचं एक चित्र डोक्यात तयार असतं. उपचारात तिला दोनदा बोलायला लावतात. एकदा नेहमीसारखं, हात मांडीखाली दाबून, वाक्यं मनात आधी घोकून. एकदा हे सगळं सोडून, समोरच्याकडे बघत. दोन्हींचं चित्रीकरण दाखवतात. बहुतेकांना धक्का बसतो, कारण डोक्यातलं चित्र आणि पडद्यावरची मुलगी जुळत नाहीत. पुढे बाहेरचे प्रयोग : दुकानात भाव विचारून काही न घेता निघायचं, अभ्यासिकेत मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायचं, कोणी बघतंय का ते पाहायचं. सदाशिव पेठेत पहिल्या प्रयोगाला दुकानदारांची साथ चांगली मिळेल.

इंग्लंडच्या मार्गदर्शनात यासाठी दीड-दीड तासाच्या १४ भेटी धरल्या आहेत, साधारण चार महिन्यांत. तुमच्या दराने तासाच्या १४ भेटी म्हणजे २१ हजार, आणि दीड तासाच्या म्हटलं तर ३० हजारांच्या पुढे. मोठी रक्कम आहे. पण मुलाखतीच्या तयारीचा क्लास लावायचा विचार असेल, तर आधी हे पूर्ण करा. तयारी तिची आहेच, ती खोलीत पोचत नाहीये. पैशांची ओढाताण होत असेल तर मॅडमशी सवलतीचं बोलावं. बरेच जण काही जागा कमी दरात ठेवतात, पण त्याची पाटी लावत नाहीत.

आणि एक गोष्ट तिला तपासायला सांगा. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवणाऱ्या व्यक्तीची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नोंदणी क्रमांक मागता येतो. ‘काउन्सेलर’ या नावाखाली मात्र दोन वर्षं एम.ए. करून देखरेखीखाली शिकलेलेही असतात आणि दोन दिवसांचं शिबिर केलेलेही.

प्रश्न : निवृत्त शिक्षक, वय ६८. आठ वर्षं रात्री अल्प्राझोलाम घेतो. सुरुवात पत्नीच्या निधनानंतर झाली. आता वाचनात आलं की गोळ्यांपेक्षा थेरपी चांगली. सोमवारपासून गोळी बंद करून थेरपी सुरू करावी म्हणतो.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सर, सोमवारी काहीही बंद करू नका. इतकी वर्षं घेतलेली ही शांत करणारी, झोप आणणारी गोळी एकदम थांबवली तर झोप उडते, थरथर होते, घबराट पहिल्यापेक्षा वाढते, क्वचित आकडीही (फिट) येते. मग माणूस म्हणतो, ‘बघा, आजार परत आला’, आणि गोळी दुप्पट होते. ती सायकिअ‍ॅट्रिस्टच्या सल्ल्याने हळूहळू, कित्येक आठवडे, प्रसंगी महिने घेऊन कमी करायची असते. कमी करत असतानाच थेरपी सुरू केलेली चांगली. रत्नागिरीत तर प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. राज्यात अशी चारच आहेत : ठाणे, येरवडा, नागपूर आणि तुमचं. नावाला बिचकू नका. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात तुमच्यासारखे पुष्कळ जण येतात आणि दुपारच्या जेवणाला घरी असतात.

सगळ्या गोळ्यांना एका रांगेत मात्र उभं करू नका. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारखी भीतीच्या आजारावरची मुख्य औषधं वेगळ्या जातीची आहेत. त्यांची चटक लागत नाही, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि ज्यांना थेरपी मिळत नाही किंवा पुरत नाही त्यांच्यासाठी ती खरोखर उपयोगी आहेत. तीही स्वतःच्या मनाने एकदम सोडायची नाहीत. गोळी विरुद्ध थेरपी असा सामना मासिकांतून फार रंगवला जातो, या मासिकातूनही.

प्रश्न : रोज अर्धा तास प्राणायाम करतो. मग थेरपीची गरज काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : प्राणायामाने बरं वाटतं, जरूर करा. पण धडधड सुरू झाली की घाईघाईने अनुलोम-विलोम करून ती दाबत असाल, तर ती विट्याच्या वाचकांची बाटलीच झाली.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. सासूबाई आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या आहेत. सतत काळजी, झोप नाही, मुलगा दहा मिनिटं उशिरा आला तरी रडतात. इंग्रजी जेमतेम. इथे मराठी थेरपिस्ट खासगीत मिळेल, पण फी पौंडांत. पुण्यातून ऑनलाइन करावं का?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : आधी दारातली गोष्ट बघा. इंग्लंडमध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेची ‘एनएचएस टॉकिंग थेरपीज’ नावाची सेवा आहे. २००८ साली वेगळ्या नावाने ती सुरू झाली. वर ज्यांचं नाव आलं ते डेव्हिड क्लार्क आणि अर्थतज्ज्ञ रिचर्ड लेयर्ड यांनी सरकारला हिशेब करून दाखवला की भीती आणि नैराश्यावर थेरपी दिली तर माणसं कामावर परततात आणि खर्च भरून निघतो. सरकारला माणुसकी पटली की हिशेब, हे मी सांगू शकत नाही, पण हजारो थेरपिस्ट प्रशिक्षित झाले. एनएचएसच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदलेलं असलं की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्वतः अर्ज करता येतो, पैसे पडत नाहीत आणि दुभाषा मागता येतो. तो मागाच, सुनेने किंवा नातवंडाने दुभाषाचं काम करायचं नाही. सासूबाई तुमच्यासमोर तुमच्याबद्दल काय बोलणार? वाट पाहावी लागेल, आणि पहिली पायरी म्हणून फोनवरचे थोडके कार्यक्रमही देतील. प्रत्येक भेटीत प्रश्नावली भरून घेतात, ती कटकट वाटते, पण त्यामुळेच ही सेवा जाहीरपणे सांगू शकते की उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी साधारण निम्मे बरे होतात. आपल्याकडे किती बरे होतात याचे असे आकडे कोणी गोळाच करत नाही.

दुभाषामार्फत गाडी पुढे सरकली नाही तर पुण्याचा पर्याय आहेच. तेव्हा थेरपिस्टला आधी एवढं विचारा की अडचणीच्या प्रसंगी लेस्टरमध्ये कोणाशी संपर्क करायचा.

प्रश्न : मी आशा आहे. गृहभेटीला गेलं की दर चार घरांत एक बाई सांगते, ‘जीव घाबरते, छातीत धडधड होते, हातपाय गळतात.’ पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) नेलं की शक्तीच्या गोळ्या मिळतात. आमच्याकडून त्यांना काही मदत होऊ शकते का? की हे फक्त मोठ्या डॉक्टरांचं काम?
— एक आशा सेविका, दर्यापूर तालुका (जि. अमरावती)

उत्तर : ताई, या महिन्यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न तुमचा. आणि त्याचं उत्तर ‘होऊ शकते’ असं आहे. हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही.

आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न तपासला. २४ दवाखाने घेतले : बारा सरकारी प्राथमिक केंद्रं, बारा खासगी डॉक्टर. निम्म्या ठिकाणी आरोग्याचं कसलंही शिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना दोन महिने शिकवून समुपदेशक म्हणून बसवलं. त्या आजार समजावून सांगत, श्वासाचे व्यायाम शिकवत, नात्यांतल्या अडचणींवर ठरलेल्या पद्धतीने बोलत. गरज असेल तिथे केंद्रातला डॉक्टर औषध देई आणि मनोविकारतज्ज्ञ अधूनमधून येऊन देखरेख करी. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत नैराश्य आणि भीतीच्या आजारांतून बरं होण्याचं प्रमाण या मदतीने स्पष्ट वाढलं. खासगी डॉक्टरांकडे तसा फरक पडला नाही. म्हणजे ज्या ओळीत तुमच्या बायका उभ्या असतात, फायदा तिथेच झाला.

पाकिस्तानात पेशावरला ३४६ जणांवर असाच प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेला पाच भेटींचा कार्यक्रम, देणारे साधे प्रशिक्षित कार्यकर्ते. भीती आणि उदासी दोन्ही कमी झाल्या. आणि तुमच्या अमरावती जिल्ह्यातच तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला होता. त्याचा भर नैराश्यावर होता, पण दीड वर्षात मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. बायका मदत घेत नाहीत असं म्हणतात, पण त्यांच्या दारापर्यंत मदत नेली की घेतात.

उद्यापासून तुम्ही काय करू शकता? आधी रक्त आणि थायरॉईडची तपासणी व्हायला हवी. पंडुरोगानेही, म्हणजे अंगात रक्त कमी असलं तरी, धडधडतं, त्यामुळे शक्तीच्या गोळ्या अगदीच चुकीच्या नसतात. ते झाल्यावर तिला सांगा की हृदय बिघडलेलं नाही, हे भीतीने होतं, याला नाव आहे आणि उपचार आहे. फक्त ‘काही नाही, मनाचं आहे’ हे वाक्य वापरू नका, ते तिने पुष्कळ ऐकलंय. काय काय करणं सोडलं ते विचारा : शेतात एकटी जात नाही? बाजाराला जात नाही? मग त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट निवडायची, तिने ठरवायची, आणि पुढच्या भेटीत झाली का ते विचारायचं. घरात मारहाण आहे का, कर्जाचा तगादा आहे का, हे कानावर घ्या. खऱ्या धोक्याला घाबरणाऱ्या बाईला ‘घाबरू नको’ शिकवणं हा उपचार नाही, तिथे वेगळी मदत लागते. आणि कोणी ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणाली तर घाबरून विषय बदलू नका. मरण्याचे विचार येतात का, काही ठरवलंय का, असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ठरवलं असेल तर तिला एकटं सोडायचं नाही, घरातलं कीटकनाशक हलवायचं, १४४१६ ला तिच्यासमोर फोन लावायचा आणि त्याच दिवशी डॉक्टरपर्यंत न्यायचं.

आता माझं एक स्पष्ट मत. गोव्यातल्या समुपदेशकांना या कामासाठीच नेमलं होतं, शिकवलं होतं, त्यांच्या पाठीशी तज्ज्ञ उभा होता. तुमच्याकडे आधीच लसीकरण, गरोदर बायका, क्षयरोग, सर्वेक्षणं आहेत, आणि बराचसा मोबदला कामागणिक. त्यावर कोणी ‘मानसिक आरोग्यही बघा’ अशी एक ओळ चिकटवली तर तो प्रयोग गोव्यासारखा चालणार नाही, आणि अपयशाचं खापर तुमच्या डोक्यावर फुटेल. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) असं दिसलं की नैराश्य-भीती अशा नेहमीच्या आजारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण तुमच्या गृहभेटींवरून आपला आकडा फार वेगळा असेल असं वाटत नाही. एवढी दरी आशांच्या फावल्या वेळेत भरून निघत नाही.

तेव्हा प्रशिक्षण मागा, त्या कामाचा मोबदला मागा आणि अडलं तर विचारायला माणूस मागा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून चालू आहे. त्यात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक अशी पदं असतात, आणि या पथकाने तालुक्याच्या ठिकाणी, केंद्रांवर जाणं अपेक्षित आहे. पुढच्या मासिक बैठकीत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा की ते पथक आपल्या केंद्रावर महिन्यातून कोणत्या वारी येतं. ‘येत नाही’ असं उत्तर आलं तर तेच इतिवृत्तात लिहून घ्या, आणि त्याची एक प्रत मला पाठवा.